किती वाजले?

'किती वाजले?' हा प्रश्न आपण दिवसातून दहा वेळा विचारतो. त्यातल्या क्रियापदाकडे जरा बघा. वाजले! काय वाजलं? मोबाईलवर नुसते आकडे दिसतात, ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळही मुकंच असतं. तरी आपण वेळ बघतो डोळ्यांनी आणि विचारतो मात्र कानांनी ऐकल्यासारखी.

इंग्रजांचंही तेच. 'ओ'क्लॉक' हे 'ऑफ द क्लॉक'चं लघुरूप, आणि क्लॉक हा शब्द ज्या जुन्या लॅटिन 'क्लोका'वरून आला त्याचा अर्थ घंटा. म्हणजे 'फाइव्ह ओ'क्लॉक' म्हणजे घंटेचे पाच टोले. हिंदीवाले तर तासाला सरळ 'घंटा'च म्हणतात.

गेले काही शनिवार-रविवार मी वेळेच्या इंग्रजी शब्दांच्या मागे लागलो आहे. मी मूळचा बुलडाणा जिल्ह्यातला, मेहकर तालुक्यातला. नोकरी पुण्यात, कोडिंगची. शोध घेताना गंमत अशी होत गेली की इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायला जावं आणि त्याचा जुळा भाऊ आमच्या गावात बसलेला सापडावा. आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. घंटा म्हटली की ती वाजवणारा कोणीतरी असतो आणि ती ऐकून कामाला लागणारा दुसराच कोणीतरी असतो. वेळेच्या शब्दांमध्ये हे दोघेही असतात.

सुरुवात आपल्या 'घटके'पासून करू. घटिका म्हणजे छोटा घट, भांडं. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं पात्र पाण्यावर ठेवायचं, ते भरून बुडालं की एक घटका झाली. दिवसरात्रीच्या अशा साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. 'घटका भरली', 'शेवटच्या घटका मोजतोय' हे आपण आजही म्हणतो, पण भरणारं ते पात्र डोळ्यांसमोर येत नाही. काही लग्नांत अजूनही हे घटिकापात्र मांडतात, पुढच्या वेळी मंगलाष्टकं चालू असताना जरा लक्ष ठेवा.

आता 'तास'. हा शब्द फारसी-अरबीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ धातूचं पात्र, वाडगं. म्हणजे संस्कृतातून आलेलं एक भांडं आणि फारसीतून आलेलं दुसरं भांडं, दोन्ही आपल्या भाषेत शेजारी शेजारी बसली. एकात २४ मिनिटं मावतात, दुसऱ्यात ६०. वऱ्हाड शतकानुशतकं सुलतान, मोगल आणि निजाम यांच्या अमलाखाली होता, त्यामुळे इथे कारभाराची भाषा बदलली तसं कालमापनाचं भांडंही बदललं, यात नवल नाही.

तिसरा शब्द 'प्रहर'. याचं मूळ 'प्रहार' करण्यात आहे, म्हणजे टोला मारण्यात. तीन तासांनी एक टोला. या प्रहरावरून आला 'पहारा' आणि पहारा देणारा तो पहारेकरी. इंग्रजीत हाच प्रवास उलट्या दिशेनं झाला. 'वॉच' म्हणजे मुळात जागं राहणं, पहारा. रात्रीच्या राखणीच्या पाळ्यांना वॉच म्हणत, आणि पुढे मनगटावरचं घड्याळ वॉच झालं. आपल्याकडे वेळेवरून पहारा आला, त्यांच्याकडे पहाऱ्यावरून वेळ.

दुपार म्हणजे दोन प्रहर. सूर्योदयापासून दोन टोले पडले की माध्यान्ह, हिशेब चोख! इंग्रजीतल्या 'नून'चा हिशेब मात्र पार घसरलेला आहे. नून आला लॅटिन 'नोना होरा' म्हणजे नवव्या तासावरून. सूर्योदयापासून नववा तास म्हणजे दुपारचे तीन, आपल्या भाषेत तिसरा प्रहर. ती मठातल्या प्रार्थनेची वेळ होती. मध्ययुगात ही प्रार्थना, आणि तिच्यासोबत जेवण, हळूहळू अलीकडे सरकत गेलं आणि बाराव्या-तेराव्या शतकांच्या पुढे नून बारा वाजता येऊन थांबला. व्हेरिएबलचं नाव तेच, व्हॅल्यू बदललेली. कोणीही रिनेम केलं नाही!

'मिनिट' आणि 'सेकंद' यांनाही फार भाव देऊ नका. मिनिट म्हणजे लॅटिनमध्ये 'बारीक केलेला भाग', तासाचे पहिल्यांदा साठ तुकडे केले ते. त्या तुकड्याचे दुसऱ्यांदा साठ केले म्हणून तो सेकंद. सेकंद म्हणजे चक्क 'दुसरा', बाकी काही नाही. साठाचा हा नाद बॅबिलोनचा. आपल्याकडेही घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. एक पळ म्हणजे २४ सेकंद, तेव्हा 'पळभर थांब' म्हणणाऱ्याला नक्की किती वेळ द्यायचा ते ठरलेलं आहे :)

आता वार. आमची आजी रविवारला 'आइतवार' आणि गुरुवारला 'बेस्तरवार' म्हणायची. शहरातली भावंडं हसायची. पण आइतवार म्हणजे आदित्यवार, सूर्याचा दिवस, म्हणजेच सनडे. बेस्तरवार म्हणजे बृहस्पतिवार. रोमन लोकांकडे हा ज्युपिटरचा दिवस होता. उत्तर युरोपातल्या जर्मानिक लोकांनी वार उचलले तेव्हा ज्युपिटरच्या जागी आपला गडगडाटाचा देव थॉर बसवला, तो थर्सडे. मंगळाच्या जागी त्यांचा युद्धदेव टिव, तो ट्यूजडे. बुधाच्या जागी वोडन, तो वेन्सडे. शुक्राच्या जागी फ्रिग देवी, तो फ्रायडे. शनिवारी मात्र रोमन शनी तसाच राहिला, सॅटर्नचा सॅटर्डे. म्हणजे आजीचा बेस्तरवार आणि ऑफिसातला थर्सडे हे एकाच मूळ प्रतीची दोन भाषांतरं आहेत.

वारांचा क्रम असाच का, हे कोडं माझ्यासारख्या माणसाला फार आवडलं. आकाशातले सात 'ग्रह' मंद ते जलद असे लावा: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा प्रत्येक तास एकेका ग्रहाला क्रमानं द्या. पहिला तास ज्याचा, त्याचं नाव त्या दिवसाला. चोवीसला सातानं भागलं की बाकी तीन उरते, म्हणून दुसऱ्या दिवशी यादीत तीन घरं पुढचा ग्रह येतो. शनीनंतर सूर्य, सूर्यानंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ... शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार! दोन हजार वर्षांपूर्वीचं मॉड्युलो ऑपरेशन. या ग्रहांच्या तासाला ग्रीकांनी 'होरा' म्हटलं. त्यातून इंग्रजी 'अवर' आला आणि आपल्या ज्योतिषातली 'होरा'ही. भारतात वार हे तसे उशिरा आले. त्याआधी तिथी आणि नक्षत्रावर काम चालायचं. मध्य प्रदेशातल्या एरणच्या बुधगुप्ताच्या स्तंभलेखात, म्हणजे इसवी सन ४८४ मध्ये, गुरुवारचा उल्लेख आहे आणि तो आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या उल्लेखांपैकी धरतात.

वार सात, मग 'आठवडा' आठाचा का? कारण आपले लोक दोन्ही टोकं मोजायचे. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत, आजचा दिवस धरून, आठ. पंधरवड्यातही तेच. फ्रेंच लोकही आठवड्याला 'आठ दिवस' आणि पंधरवड्याला 'पंधरा दिवस' म्हणतात. इंग्रज 'फोर्टनाइट' म्हणतो, म्हणजे चौदा रात्री. तो दिवस न मोजता मधल्या रात्री मोजतो, म्हणून त्याचा आकडा एकानं कमी. खांब मोजायचे की खांबांमधली अंतरं, हा घोळ प्रोग्रामिंगमध्ये आपण रोज घालतो, तो इतका जुना आहे.

आठवडा बाजाराभोवती फिरायचा, सुट्टीभोवती नाही. आमच्याकडे शेतमजुराचा हिशेब बाजाराच्या दिवशी व्हायचा आणि तोच त्याचा जरा मोकळा दिवस. रविवारची सुट्टी ही वेगळी गोष्ट. ती मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षं लावून धरल्यानंतर. तुमच्या-माझ्या 'वीकेंड'चा मराठी पूर्वज शोधायचा असेल तर तो तिथे आहे. ती सुट्टी कोणी बहाल केलेली नाही, ती मागून घेतलेली आहे.

मग आली रेल्वे. मुंबईहून निघालेली लाइन १८६७ साली नागपूरला पोचली. वाटेत आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागातली मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशनं. १८७० मध्ये कापसासाठी जलंबहून खामगावला फाटा निघाला. तोवर प्रत्येक गावाची दुपार आपापली होती, सूर्य डोक्यावर आला की बारा. गाडीला हे परवडणारं नव्हतं. रेल्वेनं देशभर मद्रासची वेळ धरली, मुंबईची वेळ वेगळी, आणि गावच्या सूर्याची तिसरीच. १९०६ पासून सध्याची भारतीय प्रमाणवेळ आली, ८२ अंश ३० मिनिटे रेखांशाची. मुंबई शहरात जुनी 'बॉम्बे टाइम' तरीही १९५५ पर्यंत रेंगाळली, ३९ मिनिटं मागे!

इथे मी कागद-पेन घेऊन बसलो. आमच्या लोणारच्या सरोवराचा रेखांश ७६ अंश ३० मिनिटे. मुंबईपेक्षा लोणारचा सूर्य सुमारे १५ मिनिटं पुढे, मद्रासपेक्षा सुमारे १५ मिनिटं मागे, बरोबर मध्ये. आता प्रमाणवेळेशी फरक काढू. साडेब्याऐंशीतून साडेशहात्तर गेले, उरले सहा अंश. एका अंशाला चार मिनिटं. सहा चोक चोवीस.

चोवीस मिनिटं म्हणजे किती? एक घटका!

म्हणजे लोणारची स्वतःची वेळ आपल्या घड्याळापेक्षा बरोबर एक घटका मागे आहे. वर्षभरात सूर्य थोडा पुढेमागे होतो, पण सरासरीत तिथे माध्यान्ह होते ती बारा वाजून चोवीस मिनिटांनी. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात गूढ काही नाही. पण लहानपणी गावातली म्हातारी माणसं 'घड्याळात बारा वाजले, पण दुपार व्हायचीय अजून' म्हणायची, ते अडाणीपणानं नव्हे. त्यांचं बरोबर होतं. त्यांची घटका आपण १९०६ साली बाजूला ठेवली, इतकंच.

आता सगळ्यात भांडणाचा शब्द, तारीख. अरबीत तारीख म्हणजे दिनांकही आणि इतिहासही, 'तवारीख' त्यातलीच. इंग्रजी 'डेट' लॅटिन 'दाता'वरून आला, म्हणजे 'दिलेले'. पत्राखाली 'अमुक ठिकाणी अमुक दिवशी दिले' असं लिहीत, त्यातला 'दिले' म्हणजे डेट. आपला लाडका 'डेटा'ही त्याच शब्दाचा भाऊ. डेट आणि डेटा सख्खे निघाले हे कळल्यावर मला डेटाबेसमधले तारखांचे घोळ जरा जास्त सहन व्हायला लागले.

आपल्याकडे तारीख विरुद्ध तिथी हा वाद तर घरोघरी आहे. शिवजयंती दोनदा होते. सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्मोत्सव १२ जानेवारीला होतो आणि पौष पौर्णिमेलाही. हे फक्त आपलंच असं वाटत असेल तर लिनक्सच्या टर्मिनलवर 'कॅल ९ १७५२' असा कमांड देऊन बघा. त्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ तारीख दिसेल. बग नाही तो. इंग्लंडनं त्या वर्षी जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन धरलं आणि मधले ११ दिवस गाळले.

गाळलेल्या दिवसांचे पैसे कोणाचे? इथे खरी गोष्ट सुरू होते. इंग्लंडचं आर्थिक वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. सरकारी तिजोरीला ११ दिवसांचा महसूल सोडायचा नव्हता. म्हणून वर्षाची सुरुवातच ११ दिवस पुढे, ५ एप्रिलला नेली, आणि १८०० नंतर आणखी एक दिवस. ब्रिटनमध्ये करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं ते यामुळे. म्हणजे ज्याच्या हातात घंटा, त्यानं आपला एकही दिवस बुडू दिला नाही.

आता आमच्या गावात या. आमच्या आजोबांकडे, आबांकडे, एक सालदार होता. सालदार म्हणजे वर्षभरासाठी ठरवलेला गडी. साल फारसी, वर्ष. पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला बोली व्हायची: इतके रुपये, इतकं धान्य, कपड्यांचा जोड. आला नाही त्या दिवसाचा 'खाडा', तो कापला जायचा. पाडवा ते पाडवा म्हणजे एक वर्ष, साधी गोष्ट. पण आपलं वर्ष चंद्राचं. २०२४ च्या पाडव्यापासून २०२५ च्या पाडव्यापर्यंत ३५५ दिवस झाले. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्या वर्षी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ३८४ दिवस. फरक २९ दिवसांचा. साल मात्र दोन्हींना एकच म्हणायचं.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे आणि चांदीचं ताट. आणि सालदाराला? आमच्या घरात सांगतात की एका अधिकाच्या वर्षी आमच्या सालदारानं आबांना विचारलं होतं, "आबाजी, खाडा एक दिवसाचा कापता, मग हा जास्तीचा महिना कोन्या खात्यात?" आबा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी त्या महिन्याची ज्वारी वेगळी मोजून दिली. ही गोष्ट घरात आबांच्या मोठेपणाची म्हणून सांगतात. मला ती सालदाराच्या हुशारीची वाटते. कॅलेंडरमधली त्रुटी त्यानं बरोबर पकडली होती, कारण तिचं बिल त्याच्या नावावर फाटत होतं.

सालदाराच्या खालची पायरी रोजंदाराची. 'रोज' म्हणजे फारसीत दिवस. मराठीत मात्र रोज म्हणजे दिवस आणि रोज म्हणजे दिवसाची मजुरी, दोन्ही. 'आज रोज किती?' असं विचारलं की उत्तर रुपयांत येतं. फ्रेंच 'जूर्ने' म्हणजे दिवसभराचं काम किंवा वाटचाल. त्यातून इंग्रजी 'जर्नी' आला, आणि 'जर्नीमन'ही. जर्नीमन हा प्रवासी नव्हे, दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर. आपला रोजंदारच! फारसी 'रोजगार'चाही मूळ अर्थ काळ, दिवस, आणि मग उपजीविका. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. हमी दिवसांत मोजली, कारण ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे विकायला दिवसच असतात.

पिकांच्या शब्दांतही हेच. इंग्रजी 'सीझन' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ पेरणी. अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत, म्हणजे पीक हाताशी येण्याचे दिवस. एकानं काळाला नाव दिलं बी टाकण्यावरून, दुसऱ्यानं पिकाला नाव दिलं कापणीच्या ऋतूवरून. सारा वसूल करणाऱ्याला पेरणीपेक्षा कापणी जवळची, हे ओघानं आलंच.

आता कोणी म्हणेल, आम्ही आयटीवाले, आम्हाला काय त्याचं. आपल्या प्रोजेक्ट प्लॅनमध्ये 'मॅन-डे' असतो ना? तो रोज. 'मॅन-मंथ' असतो, ती महिनेवारी. टाइमशीटमध्ये भरला नाही तो दिवस, तो खाडा. आणि 'डेडलाइन'? अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेघ असायची. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. ती डेडलाइन. पुन्हा आला पहारेकरी!

परवा टाइमशीट भरताना सहज हिशेब केला. सुट्ट्या धरून, शनिवार-रविवार धरून, माझं साल ३६५ दिवसांचं आहे, अधिक महिना नाही. पण रात्री साडेदहाचे ते कॉल धरले तर वर्षाला २९ दिवस कधीच भरून निघतात. आमच्या सालदारानं जो प्रश्न विचारला तो अजून मला मॅनेजरला विचारायचा आहे. हा जास्तीचा महिना कोन्या खात्यात?